धुण्याचा दगड

खट्.

दुपारच्या निजलेल्या घरात तेवढाच आवाज. कौसल्यानं पिळा बादलीत टाकला आणि दगडाच्या एका कोपऱ्याखाली खापरीचा तुकडा सारला. नऊ वर्षं तो असाच डुगडुगत होता. ती लग्न होऊन आली त्या साली सासऱ्यांनी जुन्या गाडीवाटेवरून बैलगाडीत घालून आणला होता, सुनेला धुण्याला म्हणून. त्या घरात तिचं म्हणावं असं तेवढंच. नवऱ्याचे सदरे, गोदीची दुपटी, सासूच्या दुखण्यातली फडकी, सगळं तिनं त्याच्यावर आपटलं. गेल्या साली नवरा गेला, तेव्हा रडायलाही ती इथंच बसायची. धुणं आपटताना हुंदका कुणाला ऐकू जात नाही.

खट्. खापरी फुटली.

"भाऊजी, येवढा दगड बराबर बसवून द्या ना. कंबर गेली माझी."

धाकटा दीर धर्मराज डोळे चोळत, पहार घेऊन आला. "वैनी, म्हैस बी येवढी कुनी जपत न्हाई, तुम्ही दगड जपून राह्यल्या."

त्यानं पहार घातली, जोर लावला. दगड उलथला. आणि धर्मराज पहार धरून तसाच उभा राहिला.

चिखलातून एक हात वर आला होता. दगडाचाच. कोपरात वाकलेला, पंजा उभा केलेला. त्या कोपरावरच दगड इतकी वर्षं डुगडुगत होता.

दिवस कलेपर्यंत अर्धं गाव अंगणात गोळा झालं. शाळेतले काकासाहेब गुरुजी चष्मा पुसत उकिडवे बसले.

"सतीचा दगड आहे हा. सहा-सातशे वर्षांचा तरी असेल. वर बघा, चंद्र-सूर्य कोरलेत. हिचा नवरा मेला आणि ही त्याच्यासोबत चितेवर गेली."

"नाव काय व्हतं तिचं?" कौसल्यानं मागून विचारलं.

"नाव कुठलं? हात कोरला, तेवढाच."

सासूनं, साळूबाईनं, तोंडाला पदर लावला. "आगं बया! देवीच्या पाठीवर धुनं बडवलं आपण. म्हनून तं माझा लेक..." तिनं सुनेकडं नुसतं पाहिलं.

"मामंजींनी आनल्ता, आत्याबाई," कौसल्या हळू म्हणाली. "मी नुस्तं धुतलं."

फाट्यावर, जाफराबादच्या रस्त्याकडेला ओटा बांधून देवी बसवायची, असं ठरलं. धुण्याचं काय, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. ओटा तयार झाला त्या सकाळी सरपंचाच्या घरच्या उषाबाई ओटीचं ताट घेऊन अंगणात आल्या. पण कोरीवकामात चिखल घट्ट बसलेला.

"कौसल्येलाच घासू द्या," उषाबाई म्हणाल्या. "तिच्या हातचा दगड हाये."

ती नारळाची शेंडी घेऊन बसली. शेजारी पाच वर्षांची गोदी तांब्यानं पाणी घालत होती. तळव्यावरची माती गेली, बोटं सुटी झाली. मनगटापाशी एक खाच लागली. मग दुसरी. मग तिसरी.

"माय, बांगड्या!" गोदी ओरडली.

कौसल्यानं दगडाचा कोपर अंगठ्यानं चोळला, लेकराचा चोळावा तसा. "लई दुखला असंल गं," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली.

"झालं का?" मागून साळूबाईचा आवाज आला. "सरक आता. पुढचं सवाशिनींचं."

ती उठली. हात पदराला पुसले आणि गोठ्याच्या कुडाशी जाऊन उभी राहिली. बायकांनी हळदीकुंकू वाहिलं, खण-नारळानं ओटी भरली, हिरवा चुडा ठेवला. मग गाडी जुंपली. मागं मागं गोदीचा हात धरून कौसल्याही गेली, पण चार पावलं लांबून. फाट्यावर गवंड्यानं दगडाची पाठ ओल्या सिमेंटात दाबली. नऊ वर्षांत तिच्या हातानं आरशासारखी गुळगुळीत झालेली बाजू. थापीनं कडा सारख्या केल्या, आणि ती बाजू गेली.

घरी आल्यावर दोन दिवसांचं धुणं तसंच पडलेलं. दगडाच्या जागी खड्डा, त्यात गढूळ पाणी. तिनं कुठून तरी एक फळी आणून आडवी टाकली, धर्मराजचा सदरा भिजवला. उन्हं अंगणात उतरली होती. तिला फार थकल्यासारखं झालं. तरी तिनं सदरा उचलला, आपटायला हात वर नेला. कोपरात वाकलेला, मोकळ्या मनगटाचा हात.

गोदी त्या हाताकडं बघत राहिली.

"माय, त्या बाईचा बी नवरा मेल्ता ना?"

"हूं."

"मंग तिच्या बांगड्या कुनीच कशा न्हाई फोडल्या?"