पुन्हा उठव
फिजिओथेरपीच्या डॉक्टरेटसाठी कोरीनला अमेरिकेत नेब्रास्कातल्या दोन कॉलेजांनी प्रवेश देऊ केला होता आणि ठरवण्याआधी बघून जायला बोलावलं होतं; वर्ग ऑगस्टमध्ये सुरू होणार होते. पहिल्या कॉलेजात चकाचक यंत्रं होती, पण पाहुण्यांनी हात लावायचा नव्हता.

दुसरीकडे वर्गात ऑर्विल बसले होते. त्यांची डावी बाजू लकव्यानं गेलेली; मुलं त्यांच्यावरच शिकायची.

"उठव बघू यांना," बाई कोरीनला म्हणाल्या.

तिनं घाईघाईत त्यांचा लुळा हातच धरून ओढला.

"अगं ए, खांदा निखळवतेस का माझा? कमरेचा पट्टा कशाला बांधलाय? त्याला धर!"

कोरीन ओशाळून मागे सरली.

"पळतेस कुठे? पुन्हा उठव मला."

या खेपेला ऑर्विल उभे राहिले.

गाडीत आईनं विचारलं, "यंत्रं कशी आहेत गं इथली?"

"बघायचीच राहिली. पण ऑर्विलना सांगून आलेय, ऑगस्टमध्ये येते म्हणून."