करीतभात

कन्फ्यूशियसवर मराठीत एक लहानसं पुस्तक लिहावं, असं शाळेतून निवृत्त झालो तेव्हापासून मनात होतं. लिहायला अकरा वर्षं लागली. त्यातली निम्मी एका शब्दापायी गेली. त्याच्या शिकवणुकीत ‘ली’ नावाची गोष्ट आहे. माणसानं माणसाशी, वडीलधाऱ्यांशी, पितरांशी कसं वागावं, ते सगळं त्यात येतं. मी आधी ‘विधी’ लिहिलं. ते भटजींचं वाटलं. मग ‘रीत’ केलं आणि पुस्तक छापायला दिलं, तरी मन खात राहिलं. लग्नात असते ती रीत. मोठं माणूस आलं की उठून उभं राहणं, ही रीतभात. छपाईच्या आदल्या दिवशी मी छापखान्यात फोन केला आणि अक्षरजुळणी करणाऱ्या शाहिस्ताला म्हणालो, “जिथं जिथं ‘रीत’ आहे, तिथं ‘रीतभात’ करा.”

“एका मिनटाचं काम हाय, सर. परत एकदा बघून जाताय का?”

तिला आणखी त्रास कशाला, म्हणून मी नको म्हणालो.

प्रकाशनाच्या दिवशी सकाळी गठ्ठे आणायला गेलो. सातवं पान उघडलं. ‘कोणत्याही राजाने पदरी न ठेवल्यामुळे कन्फ्यूशियस उपदेश करीतभात एका नगरीतभातून दुसऱ्या नगरीतभात हिंडला.’ खाली ‘घडले मात्र विपरीतभात.’

संगणकानं सांगितलं तेवढंच केलं होतं. ‘करीत’मध्येही ‘रीत’ असते, हे जन्मभर मराठी शिकवणाऱ्या माझ्या लक्षात आलं नव्हतं.

शाहिस्ता रडकुंडीला आली. “सर, तुमी चारचौघांसारखं ‘करत’ लिवलं असतं तर वाचलो असतो की.”

खरं होतं तिचं.

मालक दिलदारभाईंनी चष्मा पुसून पान वाचलं. “चिनी मानूस हाय, सर. भात खानारच की. पांढऱ्या रश्शात न्हाय, करीत खातोय, एवढंच.” मग माझा चेहरा बघून म्हणाले, “आठ दिस द्या. सगळं परत छापतो.”

प्रकाशन ठेवलेल्या वाचनालयाचे अध्यक्ष अमरसिंह माझे जुने विद्यार्थी. त्यांना फोन करून म्हटलं, कार्यक्रम आठ दिवस पुढं ढकला.

“सर, मांडव पडलाय. प्रमुख पावणं गारगोटीसनं निघाल्यात. आणि खरं सांगू का? आत कोन बघतंय? प्रकाशन तर हून जाऊ दे.”

अकरा वर्षं, आणि आत कोण बघतंय! मी नेहमीसारखं “बरं” म्हणालो आणि फोन ठेवला.

चूक होते ती होते, पण कळल्यावर ती तशीच ठेवली की ती खरी चूक, असं कन्फ्यूशियस शिष्यांना सांगायचा. बाराव्या पानावर हे मीच लिहिलं होतं. निदान ते पान तरी धड छापलं गेलं होतं.

संध्याकाळी अमरसिंहांनी नेमकं सातवं पान मोठ्यानं वाचलं. “उपदेश करीतभात एका नगरीतभातून...” ते कुठंही अडखळले नाहीत. कोणी हसलं नाही. प्रमुख पाहुणे माझ्या कानाशी वाकून म्हणाले, “जुनी मराठी हाय न्हवं? आता ऐकायला मिळत न्हाय.”

मला ते सोसवेना. वर्गाबाहेर चार माणसांत कधी तोंड न उघडलेला मी उठून उभा राहिलो.

“हे पुस्तक चुकलंय,” मी म्हणालो. “कृपा करून कोणी घेऊ नका. चूक माझी आहे.”

मग अमरसिंहांनी माइक स्वतःकडं ओढला. “बघा मंडळी! कन्फ्यूशियसचा विनय सरांच्या अंगात कसा मुरलाय!”

मांडवभर टाळ्या. “विनय कसला, अहो, छपाईतच...” माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

लोक पुस्तकं घेऊन सहीसाठी रांगेत उभे राहिले. पहिल्या प्रतीचं कोरं पान उघडून मी लिहायला लागलो. पान सात, ओळ तीन, ‘करीतभात’ असे आहे तेथे ‘करीत’ वाचावे. ‘नगरीतभातून’ असे आहे तेथे...

“सर, नुस्ती सही करा की,” समोरचे गृहस्थ म्हणाले. “मागं रांग हाय.”

मी मान वर केली नाही. सातव्या पानावरच्या दोन चुका अजून बाकी होत्या.