पुठ्ठ्यावर डकवलेली गाणी

मनोरमाबाईंइतका टापटिपीचा ग्रंथपाल होळी गावाच्या वाचनालयाला मिळाला नाही, असं गावात सगळेच म्हणत. खरं सांगायचं तर त्या टापटिपीनंच घात केला.

एकोणतीस वर्षांपूर्वी बागायतवाल्या पुतळाबाईंनी त्यांच्या हातात एक जुनी चोपडी ठेवली होती. पुतळाबाईंच्या सासऱ्यांनी गावातल्या म्हाताऱ्यांना ओटीवर बसवून त्यांच्याकडून लग्नातली गाणी लिहून घेतली होती. हळदीची, मांडवाची, मुलगी निघतानाची, सगळी घरच्या बोलीत. पानं चाळीस, दर पानावर एक गाणं, एकाच बाजूनं लिहिलेलं.

"आमच्या घरी उंदीर, वाळवी. तुज्याकडं कपाट हाय पोरी, तू सांभाळशील," पुतळाबाई म्हणाल्या होत्या.

आणि मनोरमाबाईंनी सांभाळली. शिवण उसवून पानं सुटी केली, साडीच्या दुकानातून मागून आणलेल्या पुठ्ठ्यांवर खळीनं एकेक डकवलं, फाटक्या कडांना चिकटपट्टी लावली आणि वर प्लॅस्टिक गुंडाळलं. गावानं शाल देऊन सत्कार केला. पुठ्ठे कपाटात गेले ते गेलेच. इतकी जपलेली वस्तू उगाच कोण हाताळणार?

यंदा पुतळाबाईंची पणती रचना हिचं लग्न ठरलं. आठ दिवस उरले असताना तिची आई हंसा वाचनालयात आली.

"बाई, हळदीला आमच्या आजीचीच गानी म्हनायची. मोबाइलवरची नकोत. पानं काढून ठेवाल?"

ही आजी म्हणजे हंसाच्या आजेसासू पुतळाबाई. त्या स्वतः सांगू शकत नव्हत्या. दीड वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. सोबतीनं गाणाऱ्या बाकीच्या बायका केव्हाच वर गेल्या होत्या.

हंसाची पाठ वळताच मनोरमाबाईंनी कपाट उघडलं. पानं करपलेल्या पापडासारखी तपकिरी झाली होती. पहिल्याचं प्लॅस्टिक सोडवलं तर अर्धं गाणं त्याच्याबरोबर निघालं आणि चुरा होऊन टेबलावर पडलं. दुसऱ्याचंही तेच. तिसऱ्याला हात लावायचा त्यांना धीर झाला नाही.

बोळिंजला राहणारी क्षितिजा मुंबईत जुने कागद दुरुस्त करण्याचं काम करते. मनोरमाबाईंच्या निरोपावरून ती रविवारी आली ती आम्लविरहित कागदाचं पुडकं घेऊनच. पांढराशुभ्र, शेकडो वर्षं टिकणारा. शाबूत निघेल तेवढं त्यात गुंडाळून ठेवायचं, वाचता येईल तेवढं त्यावर उतरवायचं.

"काकू, मूळ कागद कसला होता?" तिनं एक कपचा उजेडात धरून विचारलं.

"हातकागद. जाडसर, चोपडीचा."

क्षितिजानं कपचा अलगद टेबलावर ठेवला. "हा चिंध्यांपासून केलेला असणार, काकू. हा मुळातच टिकाऊ असतो, त्यात आम्ल नसतं. ते हलक्या पुठ्ठ्यात असतं. आपल्याकडच्या दमट हवेत ते पुठ्ठ्यातून पानांत उतरलं. चिकटपट्टीनं आणखी वाट लावली."

"म्हणजे कपड्यात गुंडाळून नुसती ठेवली असती तर?"

"तेव्हा सगळे असंच करायचे," क्षितिजा म्हणाली.

चार दिवस मनोरमाबाई चिमटा आणि मऊ ब्रश घेऊन बसल्या. कपचे उचलायचे, जुळवायचे, नव्या कागदावर लिहायचे. चाळीसांतली तीन गाणी पुरी निघाली. बाकीच्यांची कुठं एक ओळ, कुठं नुसतं वधूमायचं नाव. हळदीचं एकही नाही. आठवून लिहावं म्हटलं तर काहीच आठवेना. डकवताना त्यांनी प्रत्येक पान दहा वेळा हाताळलं होतं आणि एकदाही नीट वाचलं नव्हतं. याची त्यांना इतकी लाज वाटली, की जेवण जाईना.

मग त्या उन्हातान्हात गावभर हिंडल्या. म्हाताऱ्या एखादी ओळ सांगत आणि थांबत. "म्होरचं पुतळालाच ठाऊक," म्हणत.

शेवटी हळदीच्या आदल्या दुपारी, सगळं कबूल करायचं ठरवून, त्या पुतळाबाईंच्या घरी गेल्या. पिशवीत तीन गाणी होती आणि उरलेला कोरा कागद. तोंड उघडायच्या आत हंसानं एक धोतराचं फडकं पुढं केलं.

"आजीनं एक पान तुमाला दिलंच नव्हतं, बाई. तिच्याच हळदीत म्हनलेलं. सासऱ्यांनी तिला लिहून दिलेलं. तांदळाच्या डब्यात होतं, काल आजीनंच खुनेनं दाखवलं."

मनोरमाबाईंनी फडकं उलगडलं. पान मऊ होतं. कडा शाबूत, शाई काळीभोर. उंदरांच्या, वाळवीच्या घरात त्याला काहीही झालं नव्हतं.

"हेपन घेऊन जा," हंसा म्हणाली. "आमी उद्यापुरतं लिहून घेतलंय. घरात खराब होईल, तुमच्याकडं नीट राहील."

खाटेवरून पुतळाबाईंनी चालता हात पुढं केला आणि मनोरमाबाईंची बोटं त्या पानावर मिटवली. तोंडानं नाही, पण डोळ्यांनी हसल्या.

"पुतळाबाई," मनोरमाबाई म्हणाल्या, "बाकीची गेली. तीन उरली. तुम्ही दिली तेव्हा चांगली होती, मीच त्यांना पुठ्ठ्याला चिकटवून मारलं."

पुतळाबाईंनी त्याच हातानं मनोरमाबाईंची बोटं एकेक करून उघडली, पान काढून घेतलं, चुकतमाकत फडक्यात गुंडाळलं आणि उशाखाली सारलं.

मनोरमाबाईंनी पिशवीतली तीन गाणी खाटेवर ठेवली. कोरा कागद त्यांनी परत नेला.