मशीन लावण्याआधीचं रक्त

"रेबेकाबाई, ती गोधडी टाका की वं अंगावर. का तुमच्या येशूलाबी थंडी वाजती?"

लंकाबाई हसली, पण दात वाजत होते. दोन वर्षं झाली, दर सोमवारी-गुरुवारी ती कोल्हारहून येते, मानेतल्या नळीला मशीन लावून चार तास पडते आणि रेबेकाची थट्टा करते. आज मशीन सुरू होऊन जेमतेम दहा मिनिटं झाली होती.

रेबेकानं थर्मामीटर लावला. ताप नाही. पण रक्तात जंतू शिरले तरी या पेशंटांना कधीकधी ताप येत नाही. बारा वर्षं डायलिसिस टेक्निशियन असलेल्या बाईला एवढं कळतं. तिनं डॉक्टर शामकांतांना फोन लावला.

"सर, लंकाबाईंना हुडहुडी भरलीय. प्रोकॅल्सिटोनिनला रक्त पाठवते आत्ताच. जंतू असतील तर आकडा चढलेला दिसेल."

"ताप आहे?"

"नाही."

"मग शेवटी घ्या, नेहमीसारखं. लॅबची गाडी एकला येते."

"सर, मशीन ते धुऊन काढतं. चार तासांनी आकडा खोटा येईल."

"रेबेका, इथं डॉक्टर कोण आहे?"

रेबेकानं फोन ठेवला. रिकामी ट्यूब हातातच होती. दोन मिनिटांचं काम. तिनं केलं नाही. या दवाखान्यात सगळ्यांचं रक्त शेवटीच काढतात. हा नियम माणसाच्या अंगाकडं बघून केलेला नाही, एका गाडीकडं बघून केलाय. आणि बारा वर्षं इथं टिकायचं तर गप्प बसणं शिकावं लागतं. रेबेका ते चांगलं शिकली होती.

एक वाजता रक्त लॅबच्या गाडीतून गेलं. लंकाबाई उठली.

"गोधडी ऱ्हाऊ द्या हितंच. गुरवारी लागंल. तुमाला शेंगा आनते."

संध्याकाळी रिपोर्ट आला.

"झिरो पॉइंट सात," डॉक्टर म्हणाले. "डायलिसिसवाल्यांचा एवढा असतोच. उगाच घाबरवता तुम्ही."

असतोच, हे खरं. पण हा धुतल्यानंतरचा होता.

बुधवारी दुपारी लंकाबाईच्या सुनेचा फोन आला. "बाई, आत्या गेल्या. रातभर बडबडत हुत्या. सकाळी हालल्याच न्हाईत."

फायलीत कारण लिहिलं गेलं: मूत्रपिंड निकामी. किडनीचा पेशंट मेला की किडनीनंच मेला. पुढं कोण विचारतो?

गुरुवारी त्या खाटेवर आसाराम नावाचे म्हातारबा आले.

"ही गोधडी कुनाची वं, बाई?"

"लंकाबाईंची." रेबेकानं ती घडी करून कपाटात ठेवली. "बाबा, थंडी वाजते का?"

"वाजती जराशी. म्हातारपन, दुसरं काय!"

मशीनच्या नळ्या तशाच लोंबत ठेवून तिनं आधी सुई घेतली.

डॉक्टर दारात उभे राहिले. "आत्ता? गाडी एकला येते, माहीत आहे ना?"

"गाडीला लवकर बोलवा, सर."

"आणि नाही बोलावली तर?"

"तर मी घेऊन जाते. चालत."

तिनं ट्यूबवर वेळ लिहिली, आठ चाळीस. त्याखाली लिहिलं, मशीनआधी. डॉक्टर अजून दारातच होते. ते बाजूला सरण्याची वाट बघत ती उभी राहिली. मुठीतली ट्यूब अजून कोमट होती.