शिलावहिनीचे मनालीचे बूट

आजवर मी बर्फ पाहिला होता तो फक्त रसवंतीवरचा, गोणपाटात गुंडाळलेला. त्यामुळे शाळेच्या गाईड पथकातून हिमाचलच्या शिबिरासाठी माझं नाव निघालं, तेव्हा आधी मी वर्गातच नाचले आणि मग मॅडमना विचारलं, "मॅडम, तिथं थंडी म्हणजे केवढी?"

"घोट्याच्या वर येणारे बूट लागतील, आतून उबदार, तळाला खाचा असलेले," मॅडम म्हणाल्या. "सँडल घालून आलीस तर बोटं तिथंच ठेवून यावी लागतील."

बूट म्हटल्यावर मला आणखीनच आनंद झाला, कारण या विषयावर माझी मतं आहेत! नववीपर्यंत माझा आवाज घशातून बाहेर पडायचाच नाही. यंदा वक्तृत्व स्पर्धेत 'आपले कपडे कोण शिवतं?' या विषयावर बोलायला उभी राहिले आणि माइक सोडवेना. जे बनवताना कुणाचे हाल झाले ते घ्यायचं नाही, एका हंगामात फेकावं लागेल ते घ्यायचं नाही, आणि कुठं काही चांगलं पडून असेल तर नवं मागवायचंच नाही, असं मी अख्ख्या शाळेला ठणकावून सांगितलं. तेव्हापासून पोरं मला 'चौकशी आयोग' म्हणतात. म्हणू देत.

माझे बाबा, धम्मदीप, आमच्या गावाहून, गोरेगावहून, हिंगोलीपर्यंत प्रवासी जीप चालवतात. शनिवारी त्यांनी मला हिंगोलीत एका बुटाच्या दुकानात नेलं. दुकानदाराने आधी गमबूट काढले.

"हे घ्या. गव्हाला पाणी देताना हेच घालतेत सगळे. पाय एकदम कोरडा."

"काका, मला बर्फात जायचंय."

मग त्याने वेल्डिंगवाले घालतात तसले काळे, जड बूट काढले. मग एक गुलाबी जोड, वर झुपकेदार केसांची झालर. तो मी उलटा केला, तळ वाकवून पाहिला. शिवण कुठंच नाही, सगळा कारभार चिकटवलेला.

"हे कुठं बनले? कातडं हाय का रेक्झिन? तळ सुटला तर शिवता येतो का? बनवणाऱ्याला मजुरी बराबर मिळती का?"

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. "धम्मदीपभाऊ, पोरगी बूट घेऊन राहिली का सोयरीक जमवून राहिली?"

दुकानातली सगळी माणसं हसली. आधीची मी असते तर खोक्यांमागे लपले असते. आता मीही हसले. "काका, सोयरिकीत एवढं विचारतेत ना? मग हे तर रोज पायात राहणार!"

"घे न बाई कायतरी," बाबा कळवळून म्हणाले, "मला सीटा भरायच्या हायेत." पण मी रिकाम्या हातानेच परत आले.

सोमवारी डब्याच्या सुट्टीत ही हकीकत मी पुनमला सांगितली. पुनम माझी जिवाची मैत्रीण. गावाच्या वरच्या अंगाला त्यांचं घर, हळदीची मोठी शेती. तिने घास तोंडाजवळ नेऊन तसाच धरला.

"अगं, वहिनीचे बूट! मनालीचे!"

तिचा दादा आणि शिलावहिनी लग्न झाल्यावर मनालीला गेले होते. त्यांचे बर्फातले फोटो गावातल्या प्रत्येक मोबाईलमध्ये आहेत. त्या सहलीसाठी घेतलेले बूट चार दिवस पायात राहिले आणि तेव्हापासून माळ्यावर, हळदीच्या पोत्यांशेजारी. गोरेगावात ते घालून जाणार तरी कुठं, दळण आणायला?

शाळा सुटल्यावर आम्ही दोघी तिच्या घरी धावलो. तपकिरी रंग, घोट्याच्या चांगले वर, आतून मऊ लोकर, तळ चारी बाजूंनी शिवलेला. मी जाड मोजा घालून पाय घातला आणि बसला की! हळदीचा वास येत होता तेवढाच.

"घेऊन जाय," शिलावहिनी म्हणाली. "बुटाला तरी परत बर्फ बघायला मिळंल. मला काई हिचा दादा नेत न्हाई."

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात सगळे कपडे लावून झाले होते. निळी जीन्स बुटात खोचायची, वर आईचा मोहरी रंगाचा कुर्ता, त्यावर बाबांचं जॅकेट. दारातूनच मी ओरडले, "आजी, बघ! नवे न्हाईत बरं का! पुनमच्या वहिनीने घातलेले हायेत. म्हणून तर भारी!"

आजी तूर निवडत होती. तिचा हात थांबला.

"उतरलेले?"

"अगं, सेकंडहँड म्हणजे..."

"मला इंग्रजी सांगू नको. त्या घरून उतरलेले?"

आमच्या घरात आजीचा, म्हणजे पद्माबाईंचा, एक नियम आहे. चौदा एप्रिलला घरातल्या प्रत्येकाला सगळं नवं, केसांच्या पिनेपासून चपलेपर्यंत. आणि बाहेरचं वापरलेलं काही घरात येणार नाही. मला वाटायचं ही आजीची हौस आहे. त्या दिवशी तिने पहिल्यांदा कारण सांगितलं.

"तुझ्याएवढी होते मी. वरच्या आळीतल्या बाया जुनं लुगडं द्यायच्या. हातात न्हाई, लांबून टाकायच्या. मी उचलायची. मग आमची माय म्हणली, आता उचलायचं न्हाई. ठिगळ लावू, पण आपलं घालू. तवापासून न्हाई उचललं." तिने ताट पुन्हा हलवलं. "तुझ्या बापाशी भांडून मीच तुला हिमाचलला पाठवून राहिले न? जाय. पण हे पायात असतील तर मी स्टँडवर सोडायला येणार न्हाई."

माझं भाषण मी गुंडाळून ठेवलं. आणि आजीशिवाय निघायचं तर बॅगेची चेन तीन वेळा कोण तपासणार, गाडी सुटेपर्यंत खिडकीचा गज कोण धरून ठेवणार? मी बूट पिशवीत भरून दाराशी ठेवले आणि पुनमला सांगितलं, परत न्यायला ये.

रविवारी सकाळी पुनम आली, पण एकटी नाही. सोबत शिलावहिनी, कमरेवर दळणाचा डबा. गिरणीला निघाले असं सांगून घरून सुटली होती. आजीने तिला खुर्ची दिली, आईने चहा दिला. वहिनीने चहा फुंकून फुंकून संपवला आणि म्हणाली, "आजी, बूट परत न्हाई नेणार मी. पण फुकट बी देणार न्हाई. अदलाबदल करू."

"कर की. काय पाहिजे? नवी साडी घेऊन देते तुला."

वहिनी आजीकडे बघत होती. थंडी होती, आजीने स्वेटर घातला होता. स्वतः विणलेला, जांभळा, आणि कोपरांवर झिजला तिथं हिरव्या लोकरीची दोन फुलं भरलेली.

"हे पाहिजे."

"हे?" आजी हसलीच. "येडी का काय! माझ्या अंगावरचं हाय ते. किती हिवाळे घातलेलं. नवं विणून देते, आठ दिवस थांब."

"नवं नको. हेच द्या. नव्याला दुकानं हायेत. ही फुलं कुठं मिळतील?"

पुनमने तिला कोपर मारलं. "वहिनी, आई काय म्हणंल?"

"म्हणंल, चांगलं दिसतंय."

आजीने आधी कोपरांवरची दोन्ही फुलं चाचपून पाहिली. मग एकेक बटण काढत तिने स्वेटर उतरवला आणि पुढे केला. वहिनीने तो दोन्ही हातांनी घेतला, तिथल्या तिथं साडीवर चढवला, बटणं लावली, डबा कमरेवर घेतला आणि निघाली. पुनम मागे.

त्या दिसेनाशा होताच आजी माझ्या कानात म्हणाली, "सृष्टी, पळ. वळणावर स्वेटर काढती का बघ."

मी पळाले! वळणावर हातपंपाशी बाया होत्या. त्यातल्या एकीने विचारलंच, "हे कुणाचं गं शिला? जुनं दिसतंय."

"व्हय, जुनंच हाय. पद्माआजीचं. मागून घेतलं मी. हात लावून बघा, किती ऊब हाय!"

आणि त्यांनी खरंच हात लावून पाहिला. गिरणीवर वहिनी तशीच उभी राहिली, स्वेटरवर पीठ उडालं. मग घरी. मी फाटकाबाहेर थांबले. आतून तिच्या सासूचा, द्वारकाबाईंचा आवाज आला, "हे कुणाचं?"

"पद्माआजीचं."

मग बांगड्या किणकिणल्या. नंतर, "बाह्या लांब हायेत तुला."

बस! मी उलट्या पावली धावत सुटले. आजी दारात पदर लपेटून उभी होती, जणू शेजारच्या शेळीलाच शोधत होती. मी धापा टाकत सगळं सांगितलं. तिने पुन्हा सांगायला लावलं.

"हात लावून बघा म्हणली?"

"व्हय!"

"सगळ्यांच्या समोर?"

"व्हय गं आजी!"

"बाह्या लांबच हायेत. माप घेऊन दिलं असतं न," आजी पुटपुटली. मग खुर्चीत टेकली आणि पाय पुढे केले. "आण ते बूट. आधी मी बघते."

तिने आत हात घालून लोकर चाचपली, तळाची शिवण नखाने ओढून पाहिली, माझ्यासारखीच. "बरे हायेत. पण जीन्स आत खोचू नको, बँडवाल्यासारखी दिसशील. वरून सोड. अन् ह्याच्या काठाला जांभळ्या लोकरीची पट्टी विणून देते. लई पांचट रंग हाय हा."

"तपकिरीच चालतो सध्या, आजी!"

"चालू दे. आमच्याकडं न्हाई चालत."

तेवढ्यात तिने पाय आत घातलेसुद्धा. पांढऱ्या साडीखाली मनालीचे बूट, आणि आजी अंगणात टाच आपटत फेऱ्या मारू लागली. आई पदरात तोंड खुपसून हसत होती. तेवढ्यात बाबांची जीप दारात थांबली. बाबांचा हात हॉर्नवरच राहिला.

"आय! हे काय? कुठं निघालीस?"

"स्टँडवर," आजी न थांबता म्हणाली. "पोरीला सोडायला जायचंय न परवा. चालायची सवय करून राहिले."