रिकामी गाडी

अरुणावतीच्या कोरड्या पात्रातून गाडी वर आली, तेव्हा काठावरच्या बाभळीला सायकल टेकवून भावसिंग जमादार उभा होता. डोमाजीनं ब्रेक दाबला. मागून येणारी धूळ पुढे येऊन दोघांच्याही अंगावर बसली.

जमादार गाडीभोवती फिरला. मागची ताडपत्री उचलून त्यानं आत पाहिलं. एक लोखंडी टामी, फडक्यांचं बोचकं आणि पाण्याचा डबा. डब्याचं झाकण काढून त्यानं वास घेतला, मग बोट बुडवून जिभेला लावलं. पाणीच होतं.

"कोठी गेलता?"

"नदीत."

"माल कोनाचा होता?"

"माल नवता, जमादारसाहेब. रिकामीच नेली, रिकामीच आनली."

"मंग नेली कायले?"

"चालवाले."

भावसिंग त्याच्या तोंडाकडे पाहत राहिला. दारूबंदीचे दिवस होते. मोहाची फुलं पडायला लागली की नदीकाठच्या झुडपांत भट्ट्या लागत. वाईखेडच्या पोलीस चौकीवर बदलून आल्यापासून त्यानं त्यातल्या बऱ्याच मोडल्या होत्या. खोटं बोलणारा माणूस काही ना काही कारण सांगतोच, हा त्याचा अनुभव होता. कोणी आजारी असतं, कोणाचं लग्न असतं. हा माणूस कारणच सांगत नव्हता. गाडीचे कागद मागितले तर तेही बरोबर निघाले. त्यामुळे भावसिंगला आणखीच चैन पडेना.

डोमाजी भगत पलटणीत ड्रायव्हर होता. लढाईच्या काळात ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर, डोंगरातल्या चिखलातून, त्यानं अशीच गाडी चालवली होती. सुटून आल्यावर तो दिग्रसच्या एका जिनिंगच्या ट्रकवर लागला. रुईच्या गाठी भरायच्या, त्याच सडकेनं जायचं, त्याच सडकेनं यायचं. एकदा कामठीला माल टाकायला गेला असताना लष्कराच्या छावणीतल्या लिलावात त्याला ही गाडी दिसली. टायर नव्हते, इंजिन गंजून जाम झालेलं, ताडपत्रीची नुसती कमान उरलेली. भंगारवाले तिच्याकडे लोखंडाचं वजन म्हणून पाहत होते. डोमाजीनं आत चढून स्टिअरिंगवर हात ठेवला आणि गाठीला होतं ते सगळं देऊन ती घेतली.

रुखमाबाई, त्याची बायको, एकदाच बोलली. "लोकं बैल घेतेत, वावर घेतेत. तुमी गंजेल लोखंड घेतलं." मग तिनं शेळ्या दुसरीकडे बांधल्या आणि गाडीला जागा करून दिली.

गावाचं तसं नव्हतं. कागदावर गाडीचं नाव 'वेपन कॅरिअर' असं होतं. मास्तरांना कोणीतरी अर्थ विचारला, आणि मास्तरांनी तो खरा सांगितला, हत्यारं वाहून नेणारी गाडी. संध्याकाळपर्यंत, डोमाजीनं हत्यारांची गाडी आणली, असं गावभर झालं. पाचच वर्षांपूर्वी डोमाजीच्या मोहल्ल्यातली घरं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली होती. आल्यावर त्यांनी घरातले देव नदीत सोडले आणि मेलेली ढोरं ओढणं बंद केलं. तेव्हापासून तिकडे काय चाललंय यावर गावातल्या काही लोकांची नजर असे. आता तिथे पाटलाच्या बैलांच्या दमणीपेक्षा दांडगी गाडी उभी राहिली. यामागे कोण आहे, पैसा कोणाचा आहे, असं जो तो एकमेकाला विचारू लागला. डोमाजीला मात्र कोणी विचारलं नाही.

यामागे होता तो कय्युम. दिग्रसच्या मोटार स्टँडजवळ त्याचं गाड्या दुरुस्तीचं दुकान होतं. गाडी पाहायला म्हणून तो पहिल्यांदा आला आणि अंधार पडेपर्यंत तिच्याखालून बाहेर निघाला नाही. पुढे दर रविवारी सायकलवर पान्यांची पिशवी अडकवून तो यायचा. दोघं जाम झालेला एकेक भाग रॉकेलमध्ये भिजत घालायचे, घासायचे, नागपूरच्या जुन्या बाजारातून मिळेल ते आणून जुळवायचे. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं, तेव्हा काळ्या धुरानं अंगण भरलं आणि रुखमाबाईच्या कोंबड्या शेजाऱ्याच्या छपरावर गेल्या. कय्युम डोळे मिटून आवाज ऐकत होता. "अभी नाई," तो म्हणाला, "पन होईन."

तेव्हापासून डोमाजी रविवारी गाडी नदीत न्यायचा. पात्रातल्या मऊ वाळूत शिरायचं, पुढच्या चाकांनाही जोर देणारा दांडा ओढायचा, आणि चारही चाकांनी वाळू चावत गाडी पलीकडे निघते का ते पाहायचं. निघाली की वळवून परत. इतकंच. कय्युम शेजारी बसलेला असायचा. कधी दुकानात काम असलं तर नसायचा.

नदीकाठी जमादारानं गाडी तपासली, त्याला पंधरवडाही झाला नसेल. भावसिंगनं पात्राच्या वरच्या अंगाला, जांभळीच्या गर्दीत, एक भट्टी पकडली. माणसं पळून गेली होती. भट्टीपासून थोड्या अंतरावर वाळूत आडव्या नक्षीच्या रुंद टायरच्या खुणा होत्या. तशी नक्षी साऱ्या तालुक्यात एकाच गाडीची होती.

गाडी चौकीच्या आवारात नेली गेली. दारव्ह्याहून एक मिस्त्री आणवला. जमादाराला गाडीत चोरकप्पा सापडायला हवा होता. सीटा उसवल्या, पेट्रोलची टाकी उतरवली, शेवटी गिअरबॉक्सही उघडला. डोमाजी कुंपणाबाहेर उभा राहून पाहत होता. मिस्त्री लहानमोठे सगळे बोल्ट एकाच घमेल्यात टाकत होता, ते त्याला पाहवत नव्हतं.

"त्याईले वेगयेवेगये ठेवा," तो एकदा म्हणाला.

"तू चूप ऱ्हाय," जमादार म्हणाला.

कप्पा निघाला नाही. पुढच्या आठवड्यात कडब्याच्या एका बैलगाडीत दारूनं भरलेल्या रबरी ट्यूबा सापडल्या. माणसं नदीपलीकडची होती. भट्टी आमचीच, असं त्यांनी कबूल केलं. डोमाजीचं नाव त्यांच्या तोंडून काही केल्या निघालं नाही.

"ने तुही गाडी," भावसिंगनं सांगितलं. त्याच्या आवाजात माफी नव्हती. "या खेपेले काई भेटलं नाई."

"काई नवतंच, साहेब."

"ते मी पाह्यतो अजून."

गाडी बैलांनी ओढत घरी आणली. सुटे भाग पोत्यांमधून आले. कय्युमनं पोती अंगणात उपडी केली आणि एकेक बोल्ट निवडायला लागला. त्याच सुमारास चौकीसमोर चहाचं दुकान चालवणारा बाबुलाल डोमाजीला सहज बोलून गेला, "तुया कय्युम तं गाडी धरायच्या आधीच दोनदा आलता चौकीत. जमादाराजोळ बसून गेला."

 ते डोमाजीच्या मनात रुतलं. कय्युमनं त्याला हे सांगितलं नव्हतं. इतके रविवार एका गाडीखाली खांद्याला खांदा लावून पडलो, आणि सांगितलं नाही.

गाडी जोडून झाली, तेव्हा तिसऱ्या गिअरमध्ये एक आवाज येऊ लागला. आधी नव्हता. बारीक, खरवडल्यासारखा. "बसंल बसंल," कय्युम म्हणाला, "नव्यानं जुडली ना." डोमाजीला ते पटेना. तो आवाज त्याला ट्रक चालवतानाही ऐकू यायला लागला. चांगलं बेअरिंग काढून कोणी जुनं तर बसवलं नाही? दारव्ह्याच्या मिस्त्रीनं बसवलं असेल. की दारव्ह्याच्या मिस्त्रीनं नाहीच? गिअरबॉक्स बंद करताना डोमाजी स्वतः पाणी आणायला गेला होता. तेवढ्या वेळात तिथे कय्युम एकटा होता.

त्यानं लाल रंगाचा छोटा डबा आणला. एके दुपारी गाडीखाली सरपटत जाऊन त्यानं गिअरबॉक्सच्या बोल्टांवर रंगाची एकेक रेघ ओढली, बोल्टापासून थेट खालच्या लोखंडापर्यंत. कोणी पाना लावला की रेघ तुटणार. रुखमाबाई दारातून पाहत होती.

"चोर कोन हाये?" तिनं विचारलं.

"मालूम नाई."

"मालूम नाई तं निशान कोनासाठी करून राह्यले?"

डोमाजीनं डब्याचं झाकण दाबून बसवलं.

रविवारी कय्युम आला. नेहमीसारखा पाठीवर पडून आत सरकला. गाडीखालून त्याचे फक्त पाय दिसत होते, आणि ते हलायचे थांबले. मग तो बाहेर आला. त्याच्या बोटाला लाल लागलं नव्हतं, रंग वाळलेला होता. तरी त्यानं ते बोट फडक्याला पुसलं.

"तू केलं?"

"हव."

"माह्यासाठी?"

डोमाजीनं मान वर केली नाही. कय्युमनं हात धुतले, पाने पिशवीत भरले, सायकल घेतली आणि निघून गेला. पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. गाडी अंगणात उभी होती आणि रेघा जशाच्या तशा होत्या. डोमाजी रोज वाकून पाहायचा. रेघा शाबूत आहेत याचा त्याला आनंद होत नव्हता.

शेवटी तो चौकीत गेला. भावसिंग जेवत होता.

"कय्युम तुमच्याकडे आलता, साहेब. काय म्हनला तो?"

जमादारानं भाकरीचा तुकडा मोडला. "ते तुले कायले सांगू?"

"मले समजलं पाह्यजे."

"का बरं? तुमचं दोघाईचं काई हाये का, जे त्यानं सांगाले नको होतं?" भावसिंग आता जेवण थांबवून नीट पाहू लागला. त्याच्या डोळ्यांतली ती नजर डोमाजीनं ओळखली. गेला महिनाभर तो स्वतः त्याच नजरेनं कय्युमकडे पाहत होता. त्याला आपलीच लाज वाटली. तो उठला आणि थेट दिग्रसला गेला.

दार सुग्राबीनं उघडलं, कय्युमच्या बायकोनं. तिनं पाणी दिलं, पण बसा म्हणाली नाही. कय्युम आतून आला आणि चौकटीत उभा राहिला.

"मी तुह्यावर शक घेतला," डोमाजी म्हणाला.

"मालूम हाये. लाल रंगानं लिवला तू."

"गिअरबॉक्समंदी आवाज येते. आन् तू चौकीत गेलता. मले वाटलं..."

"आन् चौकीचं कोनं सांगतलं तुले?"

"बाबुलालनं."

कय्युम उंबऱ्यावर बसला आणि खालच्या आवाजात बोलू लागला.  "गेलतो मी. बलावलंतं जमादारानं. डोमाजी नदीत काय करते, म्हने. मी तुह्यासंगं बसून दहादा गेलतो, पन मी म्हनलं, मले काय मालूम, मी नुसती गाडी दुरुस करतो." त्यानं उंबऱ्यावरची माती बोटानं खरवडली. "भेव लागलं मले. दुसऱ्या खेपेले बी तेच म्हनलं. तुह्याविरुद्ध एक बात नाई केली. पन तुह्यासाठी बी नाई केली. मी तवाच म्हनलो असतो का आमी दोघं नुसती फिरवतो, तं गाडी कदाचित खोलली नसती."

"तुह्यं तरी ऐकलं असतं का त्यानं?"

"नसतं ऐकलं. पन म्हनाले पाह्यजे होतं."

 डोमाजीला राग आला होता, आणि त्या रागात सुटल्यासारखंही वाटत होतं. निदान आता काय झालं ते ठाऊक होतं. सुग्राबीनं आतून चटई आणून टाकली, आणि तो बसला.

रविवारी दोघांनी मिळून गिअरबॉक्स उघडला. पहिला बोल्ट डोमाजीनंच फिरवला, लाल रेघ मधोमध तुटली. आत एक बेअरिंग उलट बसलेलं निघालं. दारव्ह्याच्या मिस्त्रीनं काढून पाहून घाईत परत कोंबलं होतं, आणि जोडताना यांच्याही नजरेतून सुटलं होतं. ते सुलट बसवल्यावर आवाज गेला.

त्या दिवशी नदीत जाताना डोमाजीनं स्टिअरिंग कय्युमला दिलं. मोटारींच्या पोटात आयुष्य घालवलेला कय्युम मऊ वाळूत कधी चालवत गेला नव्हता. दांडा ओढायला त्यानं उशीर केला, आणि मागची चाकं आसापर्यंत रुतली. दोघं उतरून हातांनी वाळू उपसू लागले. ओली वाळू खालून पुन्हा पुन्हा भरून येत होती. कय्युम हसत होता आणि स्वतःलाच शिव्या देत होता.

काठावर सायकल घेऊन भावसिंग जमादार उभा होता. बराच वेळ तो पाहत राहिला. मग वाळूतून चालत आला, ताडपत्री उचलून आत डोकावला, आणि मागून गाडी ढकलायला लागला. गाडी निघाल्यावर त्यानं हात झटकले. "आता तरी सांगा," तो म्हणाला, "नेता काय तुमी इच्यातून?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. या वेळी कय्युम बोलला. "काई नाई, साहेब. आमाले आवडते."

भावसिंगनं मान हलवली. त्याचा विश्वास बसला नव्हता हे उघड दिसत होतं. पावसाळ्यानंतर त्याची मारेगावकडे बदली झाली, तोवर तो अधूनमधून येऊन डब्यातल्या पाण्याचा वास घेतच राहिला.

डोमाजीचंही एक राहिलं. गाडी सुरू करण्याआधी तो एकदा खाली वाकून पाहायचा, बोल्टांकडे. रंग केव्हाच पुसला होता. कय्युमला ते दिसायचं.  डोमाजी उठेपर्यंत तो शेजारच्या सीटवर वाट पाहत बसून राहायचा.