टिकलीची उजवी बाजू

रविवारी सकाळी पर्सी येणार होता आणि गुरुवार उजाडला तरी टिकलीने लगामाला तोंड उघडलं नव्हतं.

टिकली आमची अडीच वर्षांची घोडी. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून माझ्या बायकोने, रतनने, ते नाव ठेवलं. कोपरला खाडीच्या बाजूला आमचा तबेला आहे. एके काळी पाच घोड्या होत्या, लग्नाच्या वरातींना जायच्या. आता एकटी टिकली. जागामालकाला तिथे इमारत बांधायची आहे. महिनाअखेर तबेला रिकामा करायचा. मी वर्तकनगरला मुलीकडे राहायला जायचं, हे ठरलं होतं. टिकलीचं ठरत नव्हतं.

पर्सीची येऊरला जागा आहे, तिथे तो मुलांना घोड्यावर बसायला शिकवतो. त्याने सरळ सांगितलं होतं, "तानाजीकाका, लगाम घेत असेल तर आजच माझी. नाहीतर नको. पोरांचा मामला आहे." तो नाही म्हणाला तर दलाल तिला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात नेणार होता. तिथून कोण कुठे घेऊन जाईल, ते आपल्याला कोणी कळवत नाही.

रतनला जाऊन अकरा महिने झाले. टिकलीची आई व्यायल्यावर चौथ्या दिवशी मेली, तेव्हा रतनने पिल्लाला बाटलीने दूध पाजलं. दिवसरात्र तबेल्यातच असायची. मी वराती बघायचो, ती टिकलीला बघायची. त्यामुळे टिकलीला हात लावायची वेळ माझ्यावर कधी फारशी आलीच नाही.

लगाम मात्र मला येतो. चाळीस वर्षांत वीसेक घोड्यांना पहिला लगाम मी घातला. बापाने शिकवलं तसा. घोड्याच्या डाव्या अंगाला उभं राहायचं. उजवा हात वर, दोन कानांच्या मधे. डाव्या हातावर लगामाची लोखंडी कडी, घोड्याच्या तोंडात जाते ती. अंगठा ओठाच्या कोपऱ्यात घालायचा, तिथे दात नसतात. जनावर आपोआप तोंड उघडतं. बाप म्हणायचा, उजव्या अंगाने घोड्याकडे जातो तो अडाणी.

टिकलीला मी कडीला गूळ लावून दिला. थंड लोखंड नको म्हणून कडी कोमट पाण्यात धरली. फडकं गुंडाळून पाहिलं. मी डावीकडे गेलो की ती मान वर करायची आणि गोल फिरायची. मी घरी यायचो, चहा ठेवायचो, तो उकळायच्या आत पुन्हा तबेल्याकडे निघायचो. गॅस बंद केला का ते बघायला अर्ध्या वाटेवरून परत. असं दिवसातून सात-आठ वेळा. घरात बसलं की रतनची खुर्ची दिसते. तबेल्यात उभं राहिलं की रविवार दिसतो.

गुरुवारी दुपारी मी घाई केली. कडी तिच्या दातावर आपटली. तिने डोकं झटकलं, माझ्या हाताला चावली आणि मी तिच्या मानेवर जोरात थापड मारली. ती भिंतीला टेकून उभी राहिली. कान मागे. मी कडी धुतली आणि खिळ्याला अडकवली. त्या दिवशी पुन्हा तिच्याजवळ गेलो नाही.

शुक्रवारी माझी मुलगी संचिता डबा घेऊन तबेल्यावरच आली.

"हाताला काय झालं, बाबा? कुत्रा चावला?"

"घोडी."

"डॉक्टरला दाखवलं?"

"वर्तकनगरला येईन तेव्हा दाखवीन."

"म्हणजे महिनाअखेर. वा! संध्याकाळी मी घेऊन जाते इथेच. आता बसा, खाऊन घ्या."

"बसलोय की."

"उभं राहून कोण बसतं? मी आल्यापासून चार वेळा दारात जाऊन आलात. काय आहे दारात?"

"काही नाही."

"मग बसा. इथे, आईच्या बादलीवर."

कोपऱ्यात एक पत्र्याची बादली उपडी ठेवलेली असायची. मी ती कधी हलवली नव्हती. तिच्यावर बसलो नव्हतो. त्या दिवशी बसलो. मांडीवर डबा उघडला. भाकरीचा तुकडा तोडतोय तोवर मानेला गरम श्वास लागला. टिकलीने डोकं खाली आणून माझ्या खांद्यावर ठेवलं होतं आणि ती माझी कॉलर चघळत होती. ज्या हाताने काल मारलं, त्याच हाताची भाकरी तिने घेतली.

"बघा," संचिता म्हणाली, "आईशी अशीच करायची. आई इथेच बसून बाटली धरायची ना, डाव्या हाताने."

मी बघितलं. मी टिकलीच्या उजव्या अंगाला बसलो होतो.

रतन डावखुरी होती. लग्न होऊन आली तेव्हा तिने डाव्या हाताने भात वाढला आणि माझ्या आईने पानावरून हात उचलला. "आमच्या घरात डाव्या हाताने वाढत नाहीत." मी जेवत राहिलो. पुढे एकदा मीही म्हणालो, अगं, चारचौघांत तरी उजवा वापर. तिने वापरला. एकतीस वर्षं घरात उजव्या हाताने वाढलं, उजव्या हाताने प्रसाद दिला. तबेल्यात तिला बघायला कोणी नव्हतं.

डाव्या हाताने बाटली धरायची तर पिल्लाच्या उजव्या अंगाला बसावं लागतं, म्हणून टिकलीचं माणूस तिच्या उजव्या अंगाला असायचं. डावीकडून कोणी आलं की ते परकं. आणि मी आठवडाभर बापाच्या बाजूने जात होतो.

डबा संचिताकडे दिला. कडी कोमट केली, गूळ लावला आणि उजवीकडून गेलो. हात उलटे झाले. डावा वर, कडी उजव्यात. पट्टा कानात अडकला, बक्कल सापडेना. मी नवशिक्यासारखा चाचपडत होतो. टिकली उभी होती. अंगठा ओठाच्या कोपऱ्यात गेला आणि तिने तोंड उघडलं.

"गेली?" संचिता कुजबुजली.

"गेली."

"मग रडताय कशाला?"

"गुळाचा हात डोळ्याला लागला."

टिकली कडी चावत राहिली, जीभ बाहेर काढत राहिली, फेस सांडत राहिली. दहा मिनिटांनी, दाताला लागू न देता, मी कडी हळूच काढली. शनिवारी चार वेळा घातली.

रविवारी पर्सी टेम्पो घेऊनच आला. लगाम घेतला आणि थेट डावीकडून गेला. टिकलीने मान वर केली.

"काका?"

"उजवीकडून जा."

"उजवीकडून? काका, पोरं डावीकडूनच चढतात. सगळीकडे."

"तू आधी घाल तरी."

तो डोकं हलवत फिरून उजवीकडे गेला. टिकलीने त्याचा हात हुंगला, थांबली आणि कडी घेतली. पर्सी तिच्याकडे बघत राहिला.

"लगाम घेते, मान्य. पण डावी बाजू कोण शिकवणार?"

"मी. वर्तकनगरहून येऊर किती लांब आहे? रोज सकाळी येईन."

"रोज?"

"घेऊन जा त्यांना, पर्सी," संचिता म्हणाली. "घरी बसवून ठेवायची माझी ताकद नाही."

पर्सी हसला. "एक महिना. तोवर तिच्यावर पोरं नाही बसवणार. नंतर बघू."

टेम्पोला फळी लावली. मी टिकलीच्या उजव्या अंगाला, डावा हात तिच्या मानेवर. संचिताला डाव्या बाजूला चालायला सांगितलं, हात न लावता, नुसतं बरोबर. टिकलीचा डावा कान तिच्याकडे वळला. फळीच्या मधोमध ती थांबली. मग चढली.